संगणकाच्या खोलीचं कुलूप

कुरुंदवाडच्या मुलींच्या हायस्कूलला शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्यानं चार कॉम्प्युटर भेट दिले, ते साल दोन हजार एक. टेम्पो दारात आला तेव्हा हलगी वाजली, नारळ फुटला, खोक्यांना हळदकुंकू लागलं. पेपरात फोटोही आला. आणि दुसऱ्या दिवशी हेडमास्तर गणपतराव चौगुल्यांनी खोलीला कुलूप घालून किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

गणपतराव मनानं वाईट नव्हते. शाळेचा एकेक बाक त्यांनी पोटच्या पोरासारखा जपला होता. पोरींनी एवढी भारी वस्तू मोडली तर संस्थेला तोंड कसं दाखवायचं, ही त्यांची धास्ती. म्हणून कोणी पाहुणा आला तरच दार उघडायचं, मखमली कव्हर जरासं वर करून कॉम्प्युटर दाखवायचा, आणि पुन्हा कुलूप.

नववी-दहावीला गणित शिकवणाऱ्या शिवलीला जंगम यांना ते बंद दार बघवेना. त्यांना स्वतःला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आपल्या पोरी जगाच्या मागं राहणार, एवढं मात्र कळत होतं. मे महिन्याच्या सुट्टीत त्या एसटीनं जयसिंगपूरच्या एका क्लासला जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी क्लासच्या मालकानं विचारलं, "काकू, ॲडमिशन कुणाची? मुलगा आलाय का?"

"माझीच," शिवलीलाबाई म्हणाल्या, आणि कॉलेजच्या पोरांशेजारी जाऊन बसल्या.

माऊस हातात धरला की पडद्यावरचा बाण कुठल्या कुठं पळायचा. शेजारची पोरं तोंड दाबून हसायची. बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. सुट्टी संपेपर्यंत त्या मराठीत टाईप करू लागल्या, गुणांचे तक्ते मांडू लागल्या. एकदा मालक मशीन खोलून बसला होता, तेव्हा शेजारी उभं राहून त्यांनी कुठली वायर कुठं जाते तेही विचारून घेतलं.

जूनमध्ये शाळा भरली आणि त्यांनी किल्ली मागितली. गणपतराव म्हणाले, "आधी पोरींना सगळं शिकवा मॅडम, मग मशीनला हात लावू द्या."

हे टाळण्यासाठी बोललेलं होतं. पण बाईंनी शब्द धरला. नववीच्या प्रत्येक मुलीला त्यांनी एकेक पुठ्ठा आणायला लावला आणि त्यावर कीबोर्ड आखून घेतला. मग गणिताचा तास संपला की वर्गभर बोटांची टकटक सुरू. बाई शब्द सांगायच्या, पोरी पुठ्ठ्यावर तो टाईप करायच्या. शिक्षकांच्या खोलीत चेष्टा चालायची, "जंगम मॅडमच्या पोरी पुठ्ठ्याची पेटी वाजवतात." बाई चहा संपवून वर्गावर जायच्या.

दिवाळीनंतर त्यांनी गणपतरावांना वर्गात बोलावलं. "सर, तुम्ही कुठलंही वाक्य सांगा." गणपतरावांनी प्रार्थनेची ओळ सांगितली. मागच्या बाकावरच्या अनुजानं डोळे मिटले आणि तोंडानं एकेक अक्षर म्हणत पुठ्ठ्यावर बोटं चालवली. बाई तिच्या बाकाशेजारी उभ्या राहून प्रत्येक बोट कुठं पडतंय ते सरांना दाखवत होत्या. एकही चुकलं नाही. गणपतरावांनी खिशातून किल्ली काढली.

पोरी चपला बाहेर काढून खोलीत शिरल्या. तीन मशीन सुरू झाली. चौथ्याचं बटण अनुजानं दाबलं, आणि मशीन सुरू व्हायच्याऐवजी जळका वास आला.

"बघितलंत?" गणपतराव म्हणाले. "पहिल्याच दिवशी." त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून पुन्हा कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी अनुजा शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई चिमणाबाई तेवढी आली, पदर सावरत बाईंसमोर उभी राहिली. "मॅडम, पोरीनं नुसतं बटण दाबलं म्हणती. त्या सायबांनी सगळ्यांम्होरं बोल लावला. आता साळंत जायाचंच न्हाय म्हणून बसलीया."

शिवलीलाबाईंनी हातातला खडू ठेवला आणि तडक ऑफिसमध्ये गेल्या. "सर, किल्ली द्या. मी मशीन खोलून बघणार आहे. तुमच्यासमोर, आणि नववीच्या वर्गासमोर."

"आणखी बिघडलं तर?"

"तर माझं नाव सांगा संस्थेला."

त्यांनी प्लग काढला आणि मशीन बाकावर आणून ठेवलं. एकेक स्क्रू काढून त्यांनी ओळीनं मांडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या असलं काही उघडत होत्या, आणि चाळीस पोरी माना उंचावून बघत होत्या. झाकण निघालं. आत कागदाच्या कपट्यांचं आणि मखमलीच्या धाग्यांचं मऊसूत घरटं होतं. उंदरानं तिथं संसार थाटला होता आणि वायरी कुरतडून ठेवल्या होत्या.

बाईंनी एक कुरतडलेली वायर वर धरली. "सर, ही वापरानं बिघडलेली नाही. बंद राहून बिघडली."

गणपतरावांनी वाकून ते घरटं बोटानं चाचपलं. मग कोट चढवून बाहेर पडले. ते अनुजाच्या घरी गेल्याचं बाईंना नंतर कळलं. चिमणाबाईनं घोंगडं अंथरलं, पण ते बसले नाहीत. दारातच पोरीला म्हणाले, "चूक माझी होती. तुला बोलायला नको होतं. चल शाळेत." आणि पुढं ते, मागं दप्तर घेतलेली अनुजा, अशी दोघं भर दुपारी बाजारपेठेतून शाळेत आली.

बाईंनी जयसिंगपूरहून नव्या वायरी आणून स्वतः बसवल्या. बटण दाबायला त्यांनी अनुजालाच बोलावलं. पडद्यावर उजेड आला तेव्हा पोरींनी असा गलका केला, की शेजारच्या वर्गाचे मास्तर धावत आले. त्या दिवसापासून खोलीला शाळेच्या वेळात कुलूप लागलं नाही.

फेब्रुवारीत पालकांना बोलावलं. पोरींनी आपापल्या आयांना हाताला धरून मशीनसमोर बसवलं. कुणी शेताच्या पिकांचा तक्ता दाखवला, कुणी कृष्णा-पंचगंगेच्या संगमाचं चित्र काढून दाखवलं. चिमणाबाईला माऊस धरवेना, तशी ती लेकीला म्हणाली, "तूच कर गं, मी बघती की." आणि डोळे पुसत खरोखर बघत राहिली.

कोपऱ्यातल्या मशीनवर स्वतः गणपतराव बसले होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला तो माणूस एका बोटानं स्वतःचं नाव शोधत होता, आणि अनुजा त्यांच्या शेजारी उभी होती.

"सर, हळू दाबा. जोर लावायला लागत न्हाय."

"असं?"

"व्हय. आता पुढचं अक्षर खालच्या ओळीत हाय. बघा, सापडलं की."

खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. शिवलीलाबाई बाहेर व्हरांड्यात खांबाला टेकून उभ्या राहिल्या, आणि आतला तो गोंगाट कान भरून ऐकत राहिल्या.