आउस्तीनूकाकांचे गाल

"श्वास घ्या. सोडा. आता रोखून धरा," मी मायक्रोफोनमध्ये म्हणाले.

काचेपलीकडे एमआरआयच्या नळीत आउस्तीनूकाका निजले होते. तीन गोळ्या चालू असूनही त्यांचा रक्तदाब एकशेऐंशीच्या खाली येत नव्हता. मूत्रपिंडाची धमनी अरुंद असेल तर असे होते. म्हणून डॉक्टर मुर्जांनी त्यांना काल्यारी शहरात, आमच्या इस्पितळात बोलावले होते आणि तोवर लाउनेद्दास, म्हणजे आमचा तीन बोरूंचा पावा, वाजवायला बंदी घातली होती. गावच्या जत्रेतला नाच तीन आठवड्यांवर आला होता. चाळीस वर्षांत तो त्यांच्याशिवाय झाला नव्हता.

पडद्यावर धमनीच्या जागी धूसर डाग आला. पोटाला बांधलेल्या, श्वास टिपणाऱ्या पट्ट्याची रेघ संथपणे वरखाली होत होती.

"काका, तुम्ही श्वास घेताय."

"छे. गाल फुगवून पडलोय कधीचा."

मग माझ्या लक्षात आले. लाउनेद्दास वाजवणारा गालांतली हवा बोरूत सोडतो आणि तेवढ्यात नाकाने नवी आत घेतो; सूर तुटत नाही. जन्मभराच्या सवयीने काका तेच करत होते.

"तोंड उघडं ठेवा. माशासारखं."

"बाहेर बायको बसलीय. तिला दाखवू नका म्हणजे झालं."

रेघ सरळ झाली. अठरा सेकंद. दोन्ही धमन्या स्वच्छ दिसल्या, चांगल्या रुंद.

डॉक्टर मुर्जा फोटो बघायला खाली आल्या. त्यांनी काकांना आणि बोनारियाकाकूंना समोर बसवले.

"धमन्या उत्तम आहेत. मग दाब का उतरत नाही? गोळ्या घेता ना?"

"घेतो की."

"त्या तीनमधल्या लघवीच्या गोळीचं सांग ना," काकू म्हणाल्या.

काका छताकडे बघू लागले. "नाच पाऊण तास चालतो, डॉक्टरबाई. मी मधेच उठलो तर साठ माणसं एकमेकांचे हात धरून ताटकळणार."

"आणि नाच काय रोज असतो?"

"सराव रोज असतो."

"बंदी आल्यापासून तोही नाही," काकू म्हणाल्या. "तरी गोळी डब्यातच."

"सवय मोडू नये म्हणून."

डॉक्टरांनी हसू दाबले. "गोळी पहाटे घ्यायची, पावा संध्याकाळी. जत्रेच्या आदल्या दिवशी दाब एकशेपन्नासच्या खाली असला तर वाजवा."

आदल्या दिवशी दाब एकशेबेचाळीस भरला.

जत्रेला मीही गेले. पाऊण तास झाला, तासही उलटला. काका जागचे हलले नाहीत. शेवटी काकूच नाच सोडून माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"पाय गेले माझे," त्या म्हणाल्या. "याला थांबवायची एखादी गोळी आहे का गं तुमच्याकडे?"