सातव्या थडग्यापुढे

लेकीचा गाइड म्हणून पहिला दिवस, म्हणून प्लंबर हातातलं काम टाकून आला होता. जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून पंधरा-वीस पाहुण्यांना घेऊन ती पुढे, आणि तो सगळ्यांत मागे, कौतुकानं ऐकत. या गल्ल्या त्याला जमिनीखालून तोंडपाठ होत्या.

बेकरीच्या मागे लोखंडी कठड्याआड पुरातन दफनभूमी होती. दगडी पेट्यांसारखी सात थडगी, एका ओळीत.

"ओळ इथे संपते," लेक म्हणाली. "सगळी मोठ्या माणसांची. लहान मुलांना इथे पुरत नसत, असं अभ्यासक म्हणतात."

एका बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. प्लंबरची नजर कठड्यापलीकडच्या जमिनीकडे गेली.

बावीस वर्षांपूर्वी बेकरीची सांडपाण्याची लाइन टाकताना, कठड्याच्या जरा पलीकडे, त्याची पहार दगडी झाकणावर बसली होती. झाकण फुटलं. आत लहान मुलाचा, दीड हात लांबीचा सांगाडा, उशाशी मातीची वाटी. कळवलं तर काम रखडणार, आणि घरी बायकोचे दिवस भरत आलेले. त्यानं पाइप टाकला आणि माती लोटली.

पाहुणे पांगल्यावर तो लेकीला म्हणाला, "मुलांचं तू सांगितलंस, ते खरं नाही."

सगळं ऐकून ती कठड्याला टेकली. "हाडांचं काय केलंत, बाबा?"

"फावड्यानं बाजूला सारली."

"आईला माहीत आहे?"

"नाही. दहा दिवसांनी तू झालीस. तुला उचलून घ्यायला माझे हात धजेनात. तिला वाटलं, मुलगी झाली म्हणून मी तोंड पाडलंय."

लेकीनंच त्याला दफनभूमीच्या उत्खननाच्या प्रमुख बाईंकडे नेलं. महिन्याभरानं जागा उकरली. अर्धी वाटी आणि चार दुधाचे दात मिळाले. बाकीचं पाइपच्या गळतीनं खाल्लं होतं. "तेव्हा कळलं असतं तर बरंच हाती लागलं असतं," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते, तर त्याला सोपं गेलं असतं.

आता लेक आठ थडगी दाखवते. आठवं पाइप टाकताना फुटलं, एवढंच सांगते. कुणी फोडलं, ते सांगत नाही.

दात सापडले त्या दिवशी त्यानं बायकोलाही सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटची घडी तिनं ढिगावर ठेवली.

"बावीस वर्षं मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "एकदा तरी मला सांगायचं होतंत."

तो घड्यांचा ढीग उचलून कपाटाकडे गेला, आणि एकेक घडी आत रचू लागला.