करवंदाच्या माशांची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका, अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास येणारच! माझ्या पोटात आजही चारशे माशा टाचण्यांवर उभ्या आहेत.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी गिरणगाव दणाणत होतं, तेव्हा चिंचपोकळीच्या गुणाजी सुताराने मला घडवलं. परळच्या एका प्रयोगशाळेत, फळांवरच्या किडींचा अभ्यास करणाऱ्या बकुळाच्या हाती मी आले. बकुळा लालबागच्या चाळीतली. वडील गिरणीत, आई रखमा दादरच्या बाजारात करवंदं विकायची. एवढी शिकलेली पोर, पण तोरा नावाला नाही. रोज सकाळी मला पदराने पुसायची. खरं सांगते, तसा हात पुन्हा कुणी लावला नाही.

त्या साली डोंगरावरच्या स्ट्रॉबेरीत नवी माशी शिरली. ती पिकत्या फळात अंडी घाली आणि फळ आतून नासे. करवंदातही तशीच दिसणारी माशी होती. झालं! कीड करवंदांतूनच पसरली म्हणून त्यांच्या विक्रीवर बंदी आणायचं सरकारदरबारी घाटू लागलं. रखमाने लेकीला विचारलं, "काय गो बकुळे, आमच्या पोटार पाय देतले हे?"

प्रयोगशाळेचे प्रमुख जयवंतराव म्हणाले, "पंखावरचे ठिपके आईबापांकडून येतात. दोन्ही माशा एका कुळातल्या असतील तर मोजल्यावर कळेल." बकुळाने दोन्हीकडच्या माशा माझ्यात टोचल्या. चिठ्ठ्या चिकटवायला घरची खळ आणली. वडील सायझिंग खात्यात, सुताला खळ लावणारे. त्यांच्या घरात डिंक कोण विकत घेतो? माझं झाकण नीट बसत नव्हतं, तो दोष माझाच. झुरळं शिरली आणि खळीसकट चिठ्ठ्या फस्त! कुठली ओळ कुठल्या फळातली, काही कळेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आठवेल तसं लिही," जयवंतराव म्हणाले. "सरकारला अहवाल द्यायचाय."

"नको सर. अंदाजाने लिहिलं तर ते माझ्या आईच्या बाजूनेच लिहिलं जाईल."

तिने सगळ्या माशा उपसून टाकल्या. माशा नव्याने निपजाव्यात म्हणून डोंगरावरून पुन्हा किडकी फळं मागवली. करवंदांचे शेवटचे दिवस होते. जन्मभर किडकी करवंदं बाजूला टाकणारी रखमा आता किडकीच निवडून लेकीला देत होती. या खेपेला बकुळाने डिंक घेतला, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि प्रत्येक पंख दोनदा मोजला.

करवंदांच्या माशांत ठिपक्यांच्या नाना तऱ्हा निघाल्या, जुन्या नांदत्या गावातल्या चेहऱ्यांसारख्या. स्ट्रॉबेरीच्या माशा मात्र जवळजवळ सगळ्या एकसारख्या, आणि तसे ठिपके करवंदांच्या एकाही माशीत नव्हते. म्हणजे बाहेरून आलेल्या मूठभर माशांची ती पिल्लावळ होती. बंदी बारगळली. त्या दिवशी बकुळा माझ्या झाकणावर डोकं टेकून रडली, आणि मला लाकडाची असूनही भरून आलं.

आता मी कपाटावर धूळ खाते. बकुळाची फार आठवण येते. मित्रांनो, कुणावर ठपका ठेवायची घाई झाली, तर आधी मोजा. आणि ते माणूस तुमचं स्वतःचं असेल, तर दोनदा मोजा.