मागच्या पायरीवरची येसूबाई

मी एक जुनं कोर्ट आहे, मित्रांनो, कर्जत तालुक्यातलं. आता माझ्याकडे तारखेला कोणी येत नाही, म्हणून बोलायचा धीर होतो आहे. सगळं नीट आठवतंय असं मात्र छातीठोक सांगत नाही.

माझा पाया नदीच्या गोट्यांचा. भिंती काळ्या दगडाच्या, दोन हात जाड. वर मंगलोरी कौलं, पुढे सागवानी खांबांची ओसरी आणि मागे विहिरीकडे उतरणाऱ्या चार पायऱ्या. भर उन्हाळ्यातही मी आतून थंड. साहेबलोक कौतुक करत. मलाही वाटे, बांधणाऱ्याने काही चुकवलं नाही.

१९५८ साली, भात झोडून झाल्यावर, कळंबची येसूबाई आली. तिचा नवरा वारला आणि थोरल्या दिराने, चांगोने, तिच्या वाट्याचं भाताचं खाचर स्वतःकडेच ठेवलं. तिने दावा लावला. वकील नव्हता.

आमच्याकडे पट्टेवाला भिवाजी ओसरीत उभा राहून तीनदा नाव पुकारी. तिसऱ्यांदाही ओ आली नाही, की दावा काढून टाकत. तिच्या दाव्याच्या तारखेला दोन पुकारे झाले. चांगो समोर बसला होता. येसूबाईचा पत्ता नव्हता. बाई घाबरली असणार, असं भिवाजी म्हणाला.

ती सकाळपासून माझ्या मागच्या पायरीवर बसली होती. दावा लावला म्हणून काय झालं, थोरल्या दिरासमोर बसायचं नाही, ही रीत तिने सोडली नव्हती. आणि माझ्या जाड भिंती आवाज पलीकडे जाऊ देत नव्हत्या. मला ती दिसत होती, पण सांगायला तोंड नव्हतं.

तिसऱ्या पुकाऱ्यासाठी भिवाजीने घसा खाकरला. तेवढ्यात चांगो उठला.

"थांब रं. मागं बसली आसंल ती. माज्यासमोर कंदी बसत नाय."

"गप राहिला असतास तर जिंकला असतास की," भिवाजी म्हणाला.

"आन् उद्या तिनं माज्यापुढं पदर घेतला, तर मी कुठं बघू?"

भिवाजी मागे गेला. येसूबाई आली आणि खांबाआड उभी राहून बोलली. चार महिन्यांनी खाचर तिला मिळालं. निकालानंतर दोघं एकाच वाटेने कळंबला निघाली. तो पुढे, ती दहा पावलं मागे. पुढे त्यांच्यात बोलणं राहिलं का? कोर्टाला निकाल तेवढा कळतो. बाकीचं विचारायचं आजवर राहूनच गेलं.

१९८३ साली नवी इमारत झाली. माझी कौलं घसरली, ओसरीत शेळ्या बसतात. कधी माणसं येतात, पुढूनच मापं घेतात आणि जातात. मला शाकारायचं की पाडायचं, ते तुम्ही ठरवा. फक्त ठरवण्याआधी, मित्रांनो, एकदा मागे फिरून या. पायरीवर कोणी बसलेलं असेल.