गटिंगच्या मशीनचं डावं बोट

मित्रांनो, बॅडमिंटनच्या रॅकेटची जाळी तुटली की ती नव्याने विणावी लागते. त्या कामाला गटिंग म्हणतात, आणि मी एक जुनी गटिंगची मशीन आहे. माजलगावात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर उत्तरेश्वर नावाच्या माणसाचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत मी राहते.

माझं काम दिसायला साधं आहे. तार ताणायला माझ्याकडे वजनाचा दांडा आहे. पण खरी परीक्षा असते ती फ्रेमला जागेवर धरून ठेवण्याची. उभ्या तारा ताणल्या की रॅकेटचं डोकं खाली ओढलं जातं आणि तिच्या कडा बाहेर फुगू लागतात. मग मी दोन खुंट्यांनी तिला आतून रेटून धरते आणि चार बोटांनी बाहेरून आवळते. आडव्या तारा बसेपर्यंत हे सगळं मला सोसावं लागतं. एक बोट जरी सैल पडलं, तरी फ्रेम वाकडी होते, नाहीतर तडकते.

उत्तरेश्वर मला फार जपायचा. काम झालं की माझे सगळे स्क्रू मऊ कापडाने पुसायचा. गेवराईपासून कडा गावापर्यंतची पोरं त्याच्याकडे रॅकेटी घेऊन येत. त्याची बायको बबिता शेजारी बसून तार कापून द्यायची, कधी आडवी वीणही घालायची. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

मग दिवाळीत उत्तरेश्वरला लकवा मारला. डावा हात निकामी झाला, डावा पाय ओढत चालू लागला. जीभही जड झाली. तो दवाखान्यातून आला आणि माझ्याकडे पाठ करून खाटेवर पडला. "हिला भंगारात घाल," एवढंच बबिताला म्हणाला. तिने ऐकलं नाही. माझ्यावर एक पोतं टाकून तिने मला खिडकीशी सरकवलं. उन्हाळाभर तिथे कूलरचं पाणी ठिबकायचं. पोतं ओलं राहायचं आणि माझ्या डाव्या बोटाचा स्क्रू आतून गंजत चालला होता. मला ते कळत होतं. पण सांगणार कोणाला?

एका सकाळी धुळाजी दारात आला. तो धरणाच्या कडेला मेंढरं राखतो. त्याच्यामागे त्याची मुलगी सुकन्या उभी होती, हातात जाळी तुटलेली रॅकेट. तिच्या शाळेतल्या बाईंनी बदली होऊन जाताना ती तिला दिली होती. दुसरी रॅकेट तिच्याकडे नव्हती. दुपारी बीडला विभागाच्या संघासाठी निवड होती आणि सकाळच्या सरावातच तारा तुटल्या. बीडच्या गटिंगवाल्याचा फोन लागत नव्हता. बाकीच्या पोरींना आपापल्या रॅकेटी आज लागणारच होत्या.

बबिताने मान हलवली. आता हे काम इथे होत नाही, म्हणाली. धुळाजी उंबऱ्यातच खाली बसला.

"वैनी, तुमी तरी बघा. पोरगी सकाळपासून पाणीसुदिक प्याली न्हाई."

बबिताने नवऱ्याकडे पाहिलं. तुम्ही नुसतं सांगा, मी करते, असं तिने दोनदा म्हणून पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. शेवटी तिने माझ्यावरचं पोतं ओढलं, मला मधोमध आणलं आणि रॅकेट माझ्यात अडकवली. डावं बोट आवळताना स्क्रू कुरकुरला. तो बसला असं तिला वाटलं.

उभ्या तारा भरत गेल्या. प्रत्येक तारेबरोबर ताण वाढत होता. माझा स्क्रू आतल्या आत घसरत होता. मी जीव खाऊन धरत होते, पण गंजलेल्या लोखंडात दम तो किती? शेवटची उभी तार ताणली आणि डावं बोट मागे सरकलं. फ्रेम एका अंगाने फुगली. कर्रर्र असा आवाज झाला.

सुकन्याने डोळे मिटून घेतले. बबिताचे हात थांबले. स्क्रू फिरवावा तर तो नुसताच फिरत होता. तारा कापायला तिने कात्री उचलली.

"कापू नको."

उत्तरेश्वर उठून बसला होता. तो आवाज बोट सरकल्याचा आहे, फ्रेम तडकल्याचा नाही, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. पाय ओढत तो आला आणि त्याने उजव्या हाताचा तळवा माझ्या डाव्या बोटावर दाबला. हळूहळू फ्रेम आत आली.

"आता सोडलं तर वाकडीच राहील. आडव्या घे. वरून."

"आवो, तुमाला उभं राहवंल का?"

"एक हात हाय ना. तू ईण."

बबिता विणू लागली. सुकन्या वजनाचा दांडा अलगद खाली सोडत होती. उत्तरेश्वरचा पाय लटलट कापायला लागला, तेव्हा धुळाजीने मागून त्याला काखेत धरून उभं ठेवलं. घाम त्याच्या हनुवटीवरून माझ्यावर पडत होता. माझ्या बोटाची धार त्याच्या तळव्यात रुतली होती, पण त्याने दाब कमी होऊ दिला नाही. मध्येच त्याची मान कलली. आता हा पडणार, असं मला वाटलं. तो पडला असता, तर फ्रेमही गेली असती. धुळाजी त्याच्या कानाशी बोलत राहिला, दमलेल्या जनावराशी बोलावं तसं, हळू.

शेवटची गाठ बसली. आडव्या तारांनी कडा आत खेचून धरल्या होत्या. उत्तरेश्वरने हात काढला आणि तो तिथेच खाली बसला. रॅकेट घेऊन बापलेक एसटी स्टँडकडे धावले.

संध्याकाळी धुळाजीचा फोन आला. पोरगी शेवटच्या सामन्यात हरली होती, निवड झाली नव्हती. बबिताने ते उत्तरेश्वरला सांगितलं. त्याने फोन मागून घेतला आणि सुकन्याला द्यायला सांगितलं. पलीकडून रडण्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "फ्रेम कशी हाय?"

सरळ आहे, असं ती म्हणाली असावी.

"मग रडती कावून? नवी तार ढिली पडती. उद्या घिऊन ये, परत ताणू."

फोन ठेवून त्याने बबिताकडे तेलाची बाटली मागितली.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांवर ओली पोती टाकू नका. आमचे स्क्रू अधूनमधून पुसत जा. आणि तुमच्या घरातही कोणाचा एखादा हात गेला असेल, तर त्याला भिंतीकडे तोंड करून पडू देऊ नका. त्याचा दुसरा हात कुठे लागेल, ते त्याला विचारा.