ऐकून घेणारी बाई

१९७८ साली गोपिका मेश्राम नागपूरच्या एका क्षयरोग दवाखान्यात हेल्थ व्हिजिटर होती. औषध अर्धवट सोडणाऱ्या रोग्यांच्या घरी जायचं आणि त्यांना पुन्हा दवाखान्यात आणायचं, हे तिचं काम. ते ती रागावून करायची. "मरायचं आहे काय?" असं दारातूनच विचारायची. रोगी मान खाली घालायचे, दोनदा यायचे आणि पुन्हा गायब व्हायचे.

त्या वर्षी टपालाने पाठ येऊ लागले. रोग्याला स्वतःहून बदलायला कसं राजी करावं, याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं. दर पंधरा दिवसांनी खाकी पाकीट यायचं. आत सायक्लोस्टाइल केलेली आठ-दहा पानं. उत्तरं लिहून परत पाठवायची. सांगू नका, विचारा, असं पहिल्याच पाठात होतं. तिसऱ्यात होतं की रोग्याला काय वाटतंय ते ओळखा आणि त्याच्यापुढे शब्दांत मांडा. गोपिकाला आधी हसू आलं. मग तिने ते बळीराम ठवकरवर करून पाहिलं.

बळीराम मिरचीच्या गोदामात हमाल होता. मूळचा भिवापूरकडचा. बायको वारलेली, घरात एकच मुलगी, कौसल्या. आठवड्यातून दोनदा इंजेक्शन होतं, आणि तीन महिन्यांत त्याने अर्ध्याहून जास्त चुकवली होती. कौसल्या पाण्याला गेलेली पाहून गोपिका त्याच्या ओट्यावर बसली.

"बळीरामभाऊ, दवाखान्यात याले काय जड जाते तुमाले?"

एवढं विचारून ती गप्प राहिली. गप्प राहणं चौथ्या पाठात होतं. शेवटी बळीरामच बोलला.

"बाई, मी खोकलो का गोदामात सारे म्हंते, मिरचीचा ठसका आहे. मीबी तेच म्हंतो. पोरीलेबी तेच सांगतो. दवाखान्याच्या लायनीत कोनी पाह्यलं तं?"

"पाह्यलं तं काय होईन?"

"कौसल्याचं जमून राहिलं. उमरेडचा पोरगा आहे, पोस्टात लागला. वैशाखात लगन. टीबीवाल्याची पोरगी कोन करून घेईन बाई? एकदा लगन लागू द्या. मंग तुमी म्हनान तितक्या सुया टोचा."

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. बायको गेल्यापासून एवढं आपण कोणाशी बोललो नाही, असंही तो म्हणाला.

गोपिकाने रस्ता काढला. दुपारी दोनला रांग संपायची. त्याने तेव्हा मागच्या दाराने यायचं. त्यानंतर बळीरामची एकही खेप चुकली नाही. दोन महिन्यांत वजन वाढलं, थुंकीत जंतू सापडेनासे झाले. नोकरीच्या सात वर्षांत गोपिकाला प्रथमच वाटलं, आपल्याला हे काम येतं.

शेवटच्या पाठात एका खऱ्या रोग्याशी झालेलं बोलणं शब्दशः लिहून पाठवायचं होतं. तिने अकरा पानं लिहिली. नावाच्या जागी नुसतं 'रोगी' लिहिलं.

मार्चमध्ये समारोपाला तीस नर्सा आणि हेल्थ व्हिजिटर नागपूरच्या सदर भागातल्या एका हॉलमध्ये जमल्या. प्रशिक्षणाचे प्रमुख देशकर डॉक्टर. त्यांनी गोपिकाची पानं काढली आणि मोठ्याने वाचायला घेतली. बळीरामची वाक्यं ते मुद्दाम गावाकडचा हेल काढून वाचत होते. मिरचीच्या ठसक्यावर हॉल हसला. उमरेडच्या पोरावर पुन्हा हसला.

"फार छान," डॉक्टर म्हणाले. "इतकं छान की खरं वाटत नाही. नाव काय या रोग्याचं?"

"सर, ते सांगायचं नाही. दुसऱ्या पाठात..."

"पाठ मीच लिहिलेत, मेश्रामबाई. घरी बसून गोष्ट रचून आणलीत, असं तुमच्या दवाखान्याला कळवू का?"

पुढच्या रांगेतल्या दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या.  गोपिकाला नोकरीची भीती होतीच. पण त्याहून जास्त, ही अकरा पानं खरी आहेत हे त्या सगळ्यांना पटावं असं तिला वाटलं.

"बळीराम ठवकर," ती म्हणाली. "मिरचीच्या गोदामात हमाल आहे."

टाळ्या वाजल्या. तिला पहिला नंबर मिळाला.

जेवणाच्या सुटीत भागीरथाबाई नावाची एक वयस्कर नर्स तिच्यापाशी आली.

"पोरीचं नाव कौसल्या काय वं?"

गोपिकाने हातातला घास खाली ठेवला.

"उमरेडचा पोरगा माह्या बहिणीचा आहे," भागीरथाबाई म्हणाली.

"बाई, त्यायचे जंतू गेले आता. औषध सुरू आहे. पोरीले तं काहीच नाही..."

"मीबी नर्सच आहे, मले शिकवू नको. तू इतकं पोटात शिरून विचारलं म्हनून कळलं. उपकार झाले तुहे."

चार दिवसांत लग्न मोडलं. आपलं बोलणं पाठासाठी लिहून घेतलं आणि भर हॉलमध्ये वाचलं गेलं, हेही बळीरामच्या कानावर आलं. त्यानंतरच्या सोमवारी बळीराम सकाळी, भर रांगेतून, पुढच्या दाराने आत आला. शर्टाच्या खिशातून त्याने उरलेल्या गोळ्यांची पुडी काढून टेबलावर परत ठेवली.

गोपिका उभी राहिली. तिच्या तोंडून निघालं, "तुमाले फार वाईट वाटून राहिलं असन..."

बळीरामने तिच्याकडे नीट पाहिलं.

"हेबी पाठातलंच काय, बाई?"

 रांगेतली माणसं ऐकत होती.

"तुमी रागावत होत्या, तेच बरं होतं," तो म्हणाला. "तवा मी काही सांगतलं नव्हतं."

बातमी पसरली आणि गोदामातूनही त्याला काढलं. गोपिका तीनदा त्याच्या घरी गेली. तिन्ही वेळा कौसल्या दारात आडवी उभी राहिली आणि आतून खोकल्याचा आवाज येत राहिला. पावसाळ्यात प्रशिक्षणाची नवी तुकडी सुरू झाली. देशकर डॉक्टरांनी गोपिकाचं ते बोलणं आदर्श नमुना म्हणून छापून घेतलं आणि एकीला रोगी आणि एकीला हेल्थ व्हिजिटर करून ते कसं वाचून घ्यायचं, हे शिकवायला तिलाच बोलावलं. ती गेली. नाही म्हणायची हिंमत तिला झाली नाही. बळीरामची वाक्यं वाचणारी मुलगी हसून हसून थांबत होती.

मार्गशीर्षात बळीराम वारला. गोपिकाला ते त्याचं उपचाराचं कार्ड बंद करताना कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात कौसल्या दवाखान्यात आली. खोकला होता, रोज संध्याकाळी ताप यायचा. थुंकीत जंतू निघाले. बापाजवळ शेवटपर्यंत तीच होती. गोपिकाने नवीन कार्ड घेतलं.

"नाव?"

"तुमाले माहीत आहे."

"किती दिवस झाले खोकल्याले?"

"दोन महिने."

"घरी कोन आहे आता?"

कौसल्याने पदर सावरला. "औषध द्या, बाई. बाकी काही इचारू नका."

गोपिकाने विचारलं नाही. दीड वर्ष कौसल्या ठरलेल्या दिवशी येत राहिली. एकही खेप चुकली नाही. दंड पुढे करायची, गोळ्या घ्यायची, निघून जायची. ती बरी झाली. दीड वर्षात ती गोपिकाशी त्या पहिल्या दिवशी बोलली त्याहून एक शब्दही जास्त बोलली नाही.