काचेवरचं कुंकू

मी अंगठा ओळखणारं यंत्र. आमच्या सहकारी बँकेच्या देवपूर शाखेत, साहेबांच्या टेबलावर माझा मुक्काम असायचा. आपली कहाणी सांगताना गोड बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही, माझं डोकं तापलेलं आहे.

मी आलो तेव्हा शाखेत पेढे वाटले होते. काम साधंच. कर्ज द्यायचं तर अधिकाऱ्याने माझ्या काचेवर अंगठा ठेवायचा आणि मी तो ओळखायचा. सगळ्या अधिकाऱ्यांचे अंगठे नोंदवायची सोय माझ्यात होती. शाखाप्रमुख पितांबर साहेबांनी एकच नोंदवला, स्वतःचा.

मोहिनी मॅडम त्यांच्या हाताखालच्या अधिकारी. दुपारी डबा बाजूला ठेवून त्या बाकीच्यांना संगणक शिकवायच्या, बचत गटाच्या बायकांना मोबाइलवर पैसे घ्यायला शिकवायच्या. त्या बायकांमुळेच शाखेत नवी खाती येत होती. माझाही अंगठा नोंदवा, तुम्ही नसलात की काम अडतं, असं त्यांनी साहेबांना कितीदा विनवलं.

साहेब हसून म्हणायचे, "मॅडम, शाखेला डोकं एकच असतं."

ते डोकं लग्नाला भुसावळला गेलं की शाखा हातावर हात ठेवून बसायची.

मग खंडेनवमी आली. साहेबांनी तिजोरीला, संगणकाला आणि नेमकं माझ्या काचेवर भरपूर हळदकुंकू लावलं. दसऱ्यानंतर शाखा उघडली, तर मला त्यांचा अंगठा दिसेना. शेवंताबाईंचा गट तेव्हा समोरच बसला होता. दिवाळीच्या फराळाची मोठी ऑर्डर मिळाली होती. सामानासाठीचं कर्ज मंजूर होतं, फक्त अंगठा बाकी होता.

कोरड्या फडक्याने पुसून घेऊ, असं मोहिनी मॅडम म्हणाल्या. साहेब कडाडले, पूजेचं कुंकू कोणी पुसायचं नाही, यंत्र बघायला जळगावहून दुरुस्तीचा माणूस येईल. कुंकवाचं नुसतं निमित्त. मॅडमचा हात माझ्यापर्यंत पोचू नये, एवढंच त्यांना हवं होतं. माझा असा संताप झाला की काच तडकेल असं वाटलं.

बायका रोज यायच्या आणि बाकावर बसून परत जायच्या. शेवटी ऑर्डर दुसऱ्या गटाला गेली. त्या दिवशी शेवंताबाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमना अंगठा तुमनाजोडेच ऱ्हाऊ द्या. आम्ही बठ्ठ्या समोरनी बँकमा जातस."

जळगावचा माणूस नंतर आला. त्याने खिशातून रुमाल काढला, काच पुसली आणि चहा न घेताच गेला.

त्या सगळ्याजणी गेल्या आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्या गल्ल्यांतली खातीही गेली. मोहिनी मॅडमनी भुसावळला बदली मागून घेतली. ती शाखा भरभराटीला आली आहे, तिथे सगळ्या अधिकाऱ्यांचे अंगठे नोंदवले आहेत, असं इथले लोक बोलतात. आमची शाखा मात्र बंद झाली. मी आता खोक्यात पडलोय. मला पुढे जिथे न्याल, तिथे माझी पूजा करू नका. आधी सगळ्यांना बोलवा आणि माझी ओळख करून द्या.

काल शेवटच्या दिवशी साहेबांनी सवयीने माझ्यावर अंगठा ठेवला. त्यांचा अधिकार मुख्य कार्यालयाने सकाळीच काढून घेतला होता. ओळख पटत नाही, असं मी दाखवलं. त्यांनी रुमालाने काच पुसली, पुन्हा अंगठा ठेवला, पुन्हा पुसली. काच स्वच्छच होती.